गाळ, शिंपला आणि सवयीची सबब

प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात यंत्राने होणाऱ्या वाळू-उपशाविषयी राजूरच्या पंचक्रोशीत बोलणे निघाले, की एक ठरावीक उत्तर ऐकावयास मिळते. पाणी गढूळ होते, अशी तक्रार कोणी केली तर म्हणतात, पावसाळ्यात नदी गढूळ असतेच. मासळी, खेकडे आणि शिंपले पूर्वीसारखे मिळत नाहीत, असे एखाद्या बाईने सांगितले तर म्हणतात, शिंपला गाळात जन्मतो आणि गाळातच मरतो. त्याला गाळाची सवय आहे. असे उत्तर देणारे गृहस्थ बहुधा शिकलेले असतात आणि त्यांच्या हाती कोणता ना कोणता शिक्का असतो. त्यामुळे ऐकणारा गप्प बसतो.

आपण गप्प बसू नये, यासाठी हा लेख आहे. ‘शिंपल्याला गाळाची सवय आहे’ हे वाक्य निसर्गशास्त्राचे म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते. तेव्हा ते प्रथम निसर्गशास्त्राच्याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. त्या कसोटीवर ते टिकत नाही. ते का टिकत नाही, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले, तर ते वाक्य कोणाच्या सोयीचे आहे हेही उलगडेल.

शिंपला काय खातो?

आपल्या नद्यांच्या पात्रात रेतीत किंवा चिखलात अर्धवट रुतून बसलेले जे काळपट-तपकिरी शिंपले आढळतात, त्यांना शास्त्रज्ञ लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या नावांनी ओळखतात. शिंपला रुतलेला दिसतो म्हणून तो चिखल खातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक चिखल ही त्याची बसण्याची जागा आहे. त्याचे अन्न वरच्या वाहत्या पाण्यात असते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, जिवाणू, कुजलेल्या पालापाचोळ्याचे कण यांवर तो जगतो. मातीचा कण त्याच्या दृष्टीने दगड आहे. त्यात पोषण नाही.

परंतु पाणी काही अन्न वेगळे आणि माती वेगळी अशी वाटणी करून येत नाही. दोन्ही एकत्र येतात, आणि गढूळ पाण्यात अन्नाच्या एका कणामागे मातीचे कितीतरी कण असतात. शिंपला निव्वळ गाळणी असता, तर जे अडकेल ते त्याने गिळले असते आणि पोट मातीने भरून तो उपाशी मेला असता. तसे होत नाही, कारण शिंपला निवड करतो.

ही निवड कशी होते ते पाहण्यासारखे आहे. शिंपल्याच्या दोन शकलांच्या आत पडद्यासारखे कल्ले असतात. त्यांवर असंख्य सूक्ष्म रोम अखंड हलत असतात. काही रोमांच्या हालचालीने पाणी आत ओढले जाते, काही रोम पाण्यातील कण अडवतात, तर काही रोम अडवलेले कण चिकट स्रावात गुंतवून कल्ल्याच्या कडेने तोंडाकडे पाठवतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना चुणीदार पाकळ्या असतात. त्यांच्या उंचवट्यांवरून आणि खाचांतून हा माल जाताना त्याची छाननी होते. उपयोगी कण तोंडात जातात. नको असलेले कण स्रावाच्या वेष्टनात गुंडाळून, पोटात न नेता, परत बाहेर टाकले जातात. दिसायला ही विष्ठाच वाटते, म्हणून शास्त्रज्ञांनी तिला आभासी विष्ठा म्हटले आहे. वास्तविक ती न गिळलेली, नाकारलेली माती असते. ठराविक वेळाने शिंपला आपली शकले झटकन मिटतो आणि ही माती पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते.

ही छाननी केवळ कणाच्या लहान-मोठ्या आकारावरून होते, असे फार दिवस अनेकांना वाटत होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हान वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्याच्या शकलांच्या आत अतिसूक्ष्म दुर्बीण घालून ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. त्यांनी कालवांना आणि समुद्रातील शिंपल्यांना जिवंत शैवाल आणि वाळलेल्या गवताचा कुजका चुरा असे मिश्रण दिले. दोन्ही प्राण्यांनी त्यातून शैवाल निवडले. कालवामध्ये ही निवड मुख्यतः कल्ल्यांवरच होते आणि समुद्री शिंपल्यात ती तोंडाजवळच्या पाकळ्यांवर होते, असेही त्यातून दिसले. पुढील संशोधनाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. कल्ल्यांवरील स्रावात काही प्रथिने असतात आणि ती शैवालाच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करा ओळखून त्यांना चिकटतात. म्हणजे शिंपला स्पर्शाने नव्हे, जवळजवळ चवीनेच कण पारखतो. गोड्या पाण्यातील शिंपल्याचे कल्ले आणि पाकळ्या याच धर्तीच्या आहेत.

ज्याला आपण बुद्धिहीन, डोळे नसलेला, चिखलातला जीव समजतो, तो प्रत्येक कणाला ‘तू कोण?’ असे विचारून मगच आत घेतो. ‘त्याला गाळ चालतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गाळ त्याला चालत नाही, म्हणूनच तर त्याने तो नाकारण्याची एवढी मोठी व्यवस्था उभी केली आहे.

नाकारण्याचीही किंमत असते

ही व्यवस्था फुकट चालत नाही. मातीचा प्रत्येक कण गुंडाळण्यासाठी लागणारा चिकट स्राव शिंपल्याच्या स्वतःच्या शरीरातून येतो. तो प्रथिनांचा आणि शर्करेचा बनलेला असतो, म्हणजे खाल्लेल्या अन्नातूनच तयार होतो. पाणी जितके गढूळ, तितका स्राव अधिक. मिळकत तीच राहून खर्च वाढला, तर प्रपंचाचे काय होते हे राजूरच्या बाजारात पिशवी घेऊन येणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

गाळ फारच वाढला तर शिंपला शेवटचा उपाय योजतो. तो शकले मिटून घेतो. माती आत येणे थांबते, परंतु त्याबरोबर सर्वच थांबते, कारण ज्या कल्ल्यांनी तो अन्न गोळा करतो त्याच कल्ल्यांनी तो श्वास घेतो. इतकेच नव्हे, तर आपल्या नद्यांतील शिंपल्याची मादी आपली अंडी-पिल्लेही या कल्ल्यांच्या कप्प्यांतच वाढवते. ताट, श्वास आणि पाळणा या तिन्ही गोष्टी एकाच अवयवावर सोपवलेल्या आहेत. गाळाचा मारा त्या एका अवयवावर होतो. दार उघडे ठेवावे तर माती आणि मिटावे तर उपासमार व गुदमर, अशा कोंडीत सापडलेल्या जीवाला ‘सवय झाली आहे’ असे म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा निर्दयपणा तरी.

यावर एक शास्त्रीय आक्षेप येईल, आणि तो आपण लपवता कामा नये. डेन्मार्कमधील किअरबो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली असे दाखवले, की शैवालाबरोबर थोडा तळगाळ असलेल्या पाण्यात समुद्री शिंपले निव्वळ शैवालाच्या पाण्यापेक्षाही चांगले वाढले. मग गाळ हितकारक नाही का? जरूर आहे, पण प्रमाणात. त्या प्रयोगातील गाळ लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकाच होता. शिवाय तो समुद्रतळावरचा, सेंद्रिय द्रव्य असलेला गाळ होता. चिमूटभर मीठ जेवणास रुची आणते, म्हणून कोणी मुठीने मीठ खात नाही. या प्रयोगाचा आधार घेऊन यंत्राने ढवळलेल्या पात्राचे समर्थन करणे ही दिशाभूल आहे.

प्रश्न केवळ गाळ किती आहे एवढ्यापुरता नाही. तो किती वेळा येतो, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. १९८७ साली अमेरिकेत ऑल्ड्रिज, पेन आणि मिलर यांनी गोड्या पाण्यातील तीन जातींच्या शिंपल्यांवर एक उद्बोधक प्रयोग केला. नदीतून मालवाहू नौका जाताना तळ ढवळला जातो, त्याचा परिणाम त्यांना तपासावयाचा होता. काही शिंपल्यांना दर तीन तासांनी सात मिनिटे गढूळ पाण्यात ठेवले आणि काहींना दर अर्ध्या तासाने सात मिनिटे. तीन तासांची उसंत मिळालेले शिंपले बऱ्याच अंशी सावरले. अर्ध्या तासाने पुन्हा पुन्हा मार खाणाऱ्या शिंपल्यांचे खाणे आणि श्वसन दोन्ही मंदावले आणि ते शरीरातील साठ्यावर गुजराण करू लागले. माती तीच होती, मिनिटेही तितकीच होती. फरक होता तो मधल्या विसाव्याचा.

‘पावसाळ्यात नदी गढूळच असते’ या उत्तराचा निकाल या प्रयोगात लागतो. घाटघरच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस नदीला लाल करतो, हे खरे आहे. पण पूर येतो आणि ओसरतो. दोन सरींच्या मध्ये पाणी निवळते आणि शिंपल्याला दार उघडण्याची संधी मिळते. हजारो वर्षे त्याने या वेळापत्रकाशी जुळवून घेतले आहे. पोकलेनला असे वेळापत्रक नसते. ते माघात चालते आणि वैशाखातही चालते. म्हणजे नेमक्या त्या महिन्यांत, ज्यांत नदी निवळ असावयास हवी आणि शिंपल्याने पावसाळ्याची तूट भरून काढावयास हवी.

गोव्याचा धडा

हे सर्व प्रयोगशाळेतले झाले, प्रत्यक्षात काय घडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात लिहून ठेवलेले आहे. मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या खाड्यांत तिसऱ्या आणि खुबे गोळा करणे हा पिढ्यान्‌पिढ्या गरीब कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, उद्योग आहे. ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तळ चाचपावयाचा आणि टोपली भरावयाची. त्याच नद्यांच्या काठावरच्या डोंगरांतून लोहखनिज काढले गेले, त्याच नद्यांतून बार्जेसनी ते मुरगावला नेले आणि खाणींवरची टाकाऊ माती पावसाबरोबर त्याच नद्यांत उतरली.

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील परुळेकर, अन्सारी आणि इंगोले या संशोधकांनी या खाड्यांचा अभ्यास करून १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचे वाढलेले प्रमाण, पाण्यातील घटलेला प्राणवायू आणि तळावर पसरलेला खाणमातीचा थर यांमुळे तिसऱ्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घटले, असे त्यांनी नोंदवले. तळावरील मूळचे जीव जवळजवळ नाहीसे होऊन त्यांची जागा काही थोड्या, काहीही सोसणाऱ्या जातींनी घेतली, असेही त्यांना आढळले. खाणी थांबल्या त्या फार नंतर, २०१२ साली, आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेले परवाने रद्द केले तेव्हा. खाणबंदीनंतर ट्रकमालक आणि बार्जमालक यांच्या नुकसानीची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. त्या आधीच्या कित्येक दशकांत टोपली रिकामी घेऊन खाडीतून परतणाऱ्या बाईच्या नुकसानीचा ताळेबंद कोणी मांडला? तिलाही गाळाची सवय झाली असे गृहीत धरले गेले असावे.

प्रवरेचा हिशेब

आता आपल्या प्रवरेकडे वळू. रतनगडाच्या कुशीतून निघालेली ही नदी १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात अडवली गेली. खाली निळवंड्याला ती पुन्हा अडवली गेली. त्या धरणाच्या कालव्यांतून पाणी सुटावयास २०२३ साल उजाडले, आणि त्याचा फुगवटा राजूरच्या परिसरापर्यंत येतो. वाहत्या नदीचा वेग जेथे मंदावतो, तेथे प्रथम रेती आणि पुढे बारीक माती तळाशी बसते. धरणाचे पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या उसाला जाते. गाळ मात्र वरच्या अंगाला राहतो. पाण्याचे वाटप कसे व्हावे यावर आपण चळवळी केल्या, लवाद आणि न्यायालये पाहिली. गाळाचे वाटप मात्र कोणी न विचारता होऊन गेले, आणि ते डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांच्या वाट्याला आले.

धरणाचे पाणी आवर्तनाच्या वेळापत्रकाने सुटते. पाणी झपाट्याने उतरले की काठालगत रुतलेले शिंपले उघडे पडतात. एका पायाने इंच-इंच सरकणाऱ्या या जीवाला मागे हटणाऱ्या पाण्याबरोबर धावता येत नाही. शिंपल्याची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. त्यामुळे मासळी घटली की शिंपल्यांची पुढची पिढीही घटते. एवढे ओझे असताना वर यंत्राचा उपसा आला. वाळू उचलताना शिंपल्याची बैठकच उचलली जाते, आणि उचलताना उडालेली बारीक माती खालच्या अंगाला मैलभर उरलेल्या शिंपल्यांच्या कल्ल्यांवर जाऊन बसते.

सरकारने वाळूचा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. २०२३ साली ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण जाहीर झाले. त्यात वाळूचा दर ठरला. ती काढताना नदीने द्यावयाची किंमत मात्र कोणत्याच दरपत्रकात आली नाही. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. कोरड्या पडलेल्या तलावातला गाळ काढून हलक्या जमिनीवर पसरण्यास आमचा विरोध नाही, उलट ते चांगलेच काम आहे. परंतु गाळ धरणातून शिवारात नेण्याची योजना करताना, तो डोंगरावरून धरणात का येतो, हा प्रश्न मागेच पडतो. रस्त्यासाठी कापलेल्या उताराला दगडी बांध घातला काय, पर्यटकांच्या सोयीसाठी सपाट केलेल्या टेकडीची माती पहिल्या पावसात कोठे गेली, हे कोण विचारणार? आणि विचारलेच, तर बोट दाखवले जाते नाचणी-वरईच्या चार गुंठ्यांकडे.

दोन प्रतिवाद

येथे आणखी दोन मुद्दे पुढे केले जातात. पहिला असा, की शिंपले पाणी शुद्ध करतात, मग काळजी कसली? शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो, हे खरे. परंतु नाकारलेली माती नाहीशी होत नाही. ती गोळ्या होऊन तळाशी बसते, आणि पुढच्या उपशात पुन्हा ढवळून वर येते. शिवाय ही सेवा करण्याची शक्ती त्याला अन्नातून मिळते, आणि गाळ वाढला की ते अन्नच दुर्मिळ होते. इतरांची घाण उपसण्याचे काम ज्याच्यावर सोपवावयाचे, त्यालाच उपाशी ठेवावयाचे आणि वर त्याच्या सेवेचे गोडवे गावयाचे, ही रीत आपल्या समाजाला अपरिचित नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाविषयी आपण हेच करीत आलो आहोत.

दुसरा मुद्दा नेहमीचा: दोन शिंपल्यांसाठी विकास अडवावयाचा काय? आमचे म्हणणे असे, की प्रश्न दोन शिंपल्यांचा नाही. पाण्यातला गाळ सोसण्यापलीकडे गेला आहे की नाही, हे सांगणारा शिंपला हा जागचा न हलणारा साक्षीदार आहे. मासा पळून जाऊ शकतो, शिंपला पळत नाही. तो ज्या पात्रातून नाहीसा होतो, त्या पात्रातले पाणी पिणाऱ्या जनावरांनी आणि माणसांनी सावध व्हावयास हवे. शिवाय ज्या घरात डाळ रोज शिजत नाही, त्या घराला नदीतून फुकट मिळणारी मासळी, खेकडे आणि शिंपले हे प्रथिनांचे साधन आहे. ते हिरावून घेतले जाते तेव्हा कोणताही पंचनामा होत नाही.

‘सवय’ हा शब्द या देशात मोठ्या कामाचा आहे. ऊसतोड कामगाराला उघड्यावर झोपण्याची सवय असते, खडी फोडणाऱ्याला धुळीची सवय असते आणि नारायणगावच्या मजूर-बाजारात उभ्या राहणाऱ्या अकोल्याच्या आदिवासीला घर सोडण्याची सवय असते. ज्याला पर्याय नाही त्याच्या सोसण्याला सवय असे नाव दिले, की देणाऱ्याची जबाबदारी संपते. शिंपल्याने या शब्दाचे पितळ उघडे पाडले आहे. तो गाळात राहतो, पण आपल्या शरीरातून किंमत मोजून क्षणोक्षणी गाळ नाकारतो. नाकारण्याची शक्ती संपली की तो मरतो. आणि त्याची रिकामी शकले वाळूत सापडली, की तेच गृहस्थ म्हणतात, ‘पाहा, येथे शिंपले किती आहेत!’

करावयाचे काय?

मागण्या साध्या आहेत. वाहत्या पात्रात यंत्राने उपसा बंद करावा; जेथे उपसा अपरिहार्य आहे तेथे तो हाताने, ठरलेल्या दिवशी, मध्ये उसंत ठेवून व्हावा. परवान्यापूर्वी पात्रातील शिंपल्यांची आणि मासळीची पाहणी गावकऱ्यांना बरोबर घेऊन करावी, आणि पाण्यातील गाळाचे मोजमाप केवळ पावसाळ्यात न करता बारमाही करून ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. डोंगरउतारावरील बांधकामाची माती तेथेच अडवण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. अकोले तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी अशा क्षेत्रात गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे घेणे बंधनकारक केले आहे, आणि वाळू हे गौण खनिज आहे. ग्रामसभा भरवणे, तिथे नदीतून अन्न गोळा करणाऱ्या बायकांना प्रथम बोलू देणे आणि ठराव लेखी नोंदवून घेणे हे काम कोणा मंत्र्याचे नाही, ते आपल्या कार्यकर्त्यांचे आहे. येत्या ग्रामसभेत ‘त्यांना सवय आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला नदीकाठी न्यावे, एक जिवंत शिंपला उचलून ताज्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावा आणि थोडा वेळ थांबावे. शकले किंचित उघडतील आणि थोड्या वेळाने आतून मातीची एक बारीक गोळी बाहेर पडेल. सवयीच्या सबबीवर तिने दिलेले उत्तर पुरेसे आहे.